तीन गुंठे राख

१

हिरवळ हा संस्कृतीचा पाया आहे. साम्राज्यं तलवारीनं मिळवतात, पण ती टिकली की नाही हे कळतं हिरवळीवरून. ज्या दिवशी हिरवळ जाते त्या दिवशी माणूस पुन्हा गुहेच्या दिशेनं चालू लागतो. आमची हिरवळ एकोणीस मे रोजी गेली. वीस तारखेला सकाळी सात वाजता वेल्हे क्रोके क्लबचे सर्वच्या सर्व सभासद, म्हणजे आम्ही चौघं, तिच्या काठावर शुभ्र पोशाखात उभे होतो. गुहेकडं चालणंसुद्धा शक्य नव्हतं. भोरच्या शिंप्यानं आदल्या संध्याकाळी घाईघाईत तिन्ही पुरुषांच्या पँटी मन्सूरभाईंच्या मापानं शिवल्या होत्या आणि हात सोडला की दोन पँटी खाली येत होत्या.

समोर तीन गुंठे राख होती.

"या अल्ला, कुणी केलं हे?" मन्सूरभाई म्हणाले. मीही तेच म्हणालो, फक्त अल्ला वगळून. त्यांच्या थोरल्या भगिनी जोहराबाईंनी चष्मा पुसला. आणि आमचे अध्यक्ष चिमाजीअण्णा राखेकडं एकदा नीट बघून मागच्या दगडी रोलरवर खाली बसले.

अण्णांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

क्रोके म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत आम्हा चौघांखेरीज सर्वांसाठी, सांगतो. हिरवळीत सहा लोखंडी कमानी रोवायच्या. मध्ये एक खुंट. लांब दांड्याच्या लाकडी हातोड्यानं चेंडू मारत एकेका कमानीतून काढायचा आणि शेवटी खुंटाला लावायचा. धावायचं नाही. ओरडायचं नाही. पडलाच तर माणूस पडतो, पण तोही हळू.

मन्सूरभाईंचं कापूरहोळला हायवेवर भंगाराचं दुकान आहे. तिथं कुठल्याशा जुन्या बंगल्यातून एक पेटी आली. आत चार हातोडे, तीन चेंडू आणि नियमांचं इंग्रजी पुस्तक. चौथा चेंडू आम्ही सुताराकडून बाभळीचा करून घेतला. तो अजून बाभळीसारखाच वागतो. मी नियमांचं मराठी केलं, म्हणून सेक्रेटरी झालो. क्लब सुरू झाला तेव्हा सात सभासद होते. वर्षभरात तिघे गेले. क्लब सोडून नव्हे.

हे सगळं अण्णांचं स्वप्न होतं. अण्णा मूळचे फलटणकडचे. बत्तीस वर्षं स्वारगेट-वेल्हे एसटीत कंडक्टर, सगळी नोकरी उभ्यानं. मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, धावायचं नाही, चढायचं नाही, पण बसूनही राहायचं नाही. तालुक्यात सत्तरी उलटलेल्या माणसाला दोनच जागा असतात, देवळाचा पार आणि दवाखान्याचा बाक. दोन्हीकडं बसावं लागतं. "मला मरंस्तवर उभं ऱ्हायला एक जागा पायजे," अण्णा म्हणायचे, "बाकी काय बी नको."

ती जागा ग्रामपंचायतीनं दिली होती, जुलैअखेरपर्यंत, अटीवर. वीस मेच्या दुपारी चार वाजता कमिटी येणार. जागेवर हिरवळ दिसली आणि हिरवळीवर खेळ दिसला तर पुढची दहा वर्षं जागा आमची. नाही दिसला तर ती अमृतची. अमृतचं पानशेतला मिसळीचं हॉटेल होतं. तोरण्याला येणाऱ्या पुणेकरांच्या गाड्यांसाठी त्याला पार्किंग हवं होतं.

मी सरपंच सुलक्षणाताईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"हे बगा सेक्रेटरी, कुनी मुद्दाम जाळलं आसंल तर नाव द्या. पोलिसांत तक्रार करा, तिची प्रत मला द्या. पावसाळा झाल्यावर कमिटी परत आनते. नाव न्हाई, तर मात्र प्लॉट अमृतला. माझा बी नाइलाज हाय."

सव्वासात झाले होते. पावणेनऊ तास होते आणि आम्हाला एक गुन्हेगार हवा होता.

२

जोहराबाई वेल्ह्याच्या तहसील कचेरीबाहेर सव्वीस वर्षं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत होत्या. वारसनोंद, बांधाचं भांडण, हरवलेलं रेशनकार्ड. समोरचा माणूस काय लपवतोय हे तो तोंड उघडायच्या आत त्यांना कळतं, कारण अर्ज लिहायचा म्हणजे नेमकं तेवढं वगळूनच लिहायचा असतो.

"आधी जागेची पाहणी, मग जबान्या," त्या म्हणाल्या आणि राखेभोवती फिरू लागल्या. मी पँट धरून मागे.

पाण्याच्या टाकीवर सहाच्या सहा कमानी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. शेजारी खुंट. त्यांनी एक कमान उचलून वास घेतला. "घासलीय. मातीसुद्धा नाही."

"म्हणजे पुरावा नष्ट केला?"

"सेक्रेटरी, घरफोड्या भांडी घासून जातो का?"

हिरवळीच्या चारी बाजूंनी हातभर रुंदीचा पट्टा खरवडून जमीन उघडी केली होती आणि त्यावर पाणी मारलं होतं. हातोडे ठेवायची पत्र्याची खोली राखेपासून दोन हातांवर. तिचा रंगसुद्धा पोळला नव्हता. जोहराबाईंनी उकिडवं बसून राखेत बोट घातलं. वर बारीक भुसभुशीत माती, तिच्याखाली पाल्याची हलकी राख, सगळ्यात खाली शेणाची. बोट नाकाशी नेलं.

"रॉकेल नाही. पेट्रोल नाही."

तेवढ्यात बनाबाई आली. बनाबाई शेजारच्या वाडीतली. हिरवळीला रोज पाणी घालण्याचं काम तिच्याकडं. डोक्यावर पाटी, हातात खुरपं. आम्हा चौघांना पांढऱ्या कपड्यांत राखेशी उभं पाहून ती थबकली आणि तिनं पदर सावरला.

"कोन गेलं वो?"

उत्तर द्यायचं तर लांबलचक द्यावं लागलं असतं.

"मला कुनी सांगितलं बी न्हाई," ती म्हणाली. "बरं, असू द्या. हितं माझ्या जिवाला वेगळाच घोर. दिरानं माझी रोपाची पट्टी फार्महाऊसवाल्याला इकली. औंदा भाताचं बी कुठं टाकायचं ह्ये देवाला ठावं. जाते बाई, खाचराची ताल फुटलीया, बांध सांधायचाय." अण्णांकडं बघून ती जरा थांबली. "अण्णा, बसलाय का? बरं वाटत न्हाई व्हय?"

"बरं हाय," अण्णा म्हणाले. "तू जा."

ती गेली. मी वहीत 'बनाबाई : काही माहीत नाही' असं लिहिलं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या चुकीच्या वाक्यांची यादी मोठी आहे, पण हे वाक्य पहिल्या पाचांत येईल.

जोहराबाई उठल्या. त्यांचा चेहरा बरा दिसत नव्हता.

"सेक्रेटरी, इथं कुणी आग लावून पळालेलं नाही."

"मग?"

"इथं कुणीतरी काम केलंय. मन लावून."

३

पहिला संशयित गोरख. आमच्या आधी त्या जागेवर पोरं टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायची आणि गोरख त्यांचा कप्तान. जागा आम्हाला मिळाली त्या दिवशी भर ग्रामसभेत तो म्हणाला होता, "म्हाताऱ्यांच्या ठोकाठोकीला जागा देता? एक दिवस त्या गवताला काडी लावीन." इतिवृत्तात तशी नोंद आहे. मीच केली आहे.

गोरख स्टँडमागं आपला टेम्पो धूत होता. मन लावून धूत होता. जोहराबाईंना पाहताच त्यानं पाइप जमिनीवर टाकला.

"काल कुठं होतास, बाळ?"

"आंबवड्याला, आपा. टुर्नामेंट व्हती."

"जिंकलात?"

"हारलो."

"कुणाशी?"

गोरख विचारात पडला. क्रिकेटच्या कप्तानाला आपण कुणाशी हरलो हे आठवावं लागत असेल तर दोनच शक्यता असतात, एक तर तो खोटं बोलतोय किंवा फार सामने हरलाय. मी दोन्ही लिहून घेतल्या.

जोहराबाईंनी टेम्पोच्या फळीच्या फटीत बोट घालून काहीतरी काढलं. "हे काय?"

"शेन."

"कुणाचं?"

"म्हशीचं."

"ते दिसतंय. आणि हा पाला?"

गोरखच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आपा, आईची आन घेऊन सांगतो, म्या काडी लावली न्हाई. बोललो आसंन, पन बोलनं येगळं आन् करनं येगळं."

"मग घाबरलास कशाला?"

"घाबरलो न्हाई." त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "पन म्या काय केलं ह्ये पोरांना कळलं ना, तर मला कप्तान ठेवनार न्हाईत. वर्षभर शिव्या दिल्यात म्या तुमच्या क्लबाला."

"काय केलंस?"

"ते न्हाई सांगत."

मी उत्साहानं म्हणालो, "जोहराबाई, झालं! शेण सापडलं, पाला सापडला, धमकी नोंदीवर आहे. तक्रारीत ह्याचं नाव घालू."

गोरखचं तोंड एवढंसं झालं. जोहराबाईंनी माझ्याकडं बघितलं. चुकीचा स्टॅम्प लावून आणलेल्या माणसाकडं त्या तशा बघत असाव्यात.

"लाज वाटली म्हणून खोटं बोलणारा आणि भीती वाटली म्हणून खोटं बोलणारा, ह्यांचे अर्ज वेगळे असतात. ह्याला लाज वाटतेय. आग लावल्याची लाज कुणाला वाटते हो? आपल्याकडं तर त्याचे फ्लेक्स लागतात."

अकरा वाजले. आमच्या हाताशी आलेला एकमेव गुन्हेगार त्यांनी सोडून दिला.

४

"या आपा, या सेक्रेटरी. बसा. मिसळ सांगू?"

"नको, हात मोकळा नाही," मी म्हणालो.

स्टँडसमोर अमृतच्या नव्या टपरीचं काम चालू होतं. पाटी मात्र आधीच लागली होती, पार्किंगच्या बाणासकट. बाण आमच्या हिरवळीकडं होता.

"म्या कशाला जाळू?" अमृत हसला. "आज चारला कमिटी तुमचं गवत बगनार, हसनार आन् प्लॉट मला देनार. गवताला कावीळ झाल्यावानी दिसत व्हतं. मेलेल्याला कोन मारतं?"

हे खरं होतं. चैत्रापासून हिरवळ पिवळी पडत चालली होती. अण्णा रोज संध्याकाळी तिच्या कडेनं येरझाऱ्या घालायचे, पेशंटच्या खोलीबाहेर घालतात तशा.

"आन् खरं सांगू?" अमृत म्हणाला. "ह्या वर्षात त्या जमिनीत पैल्यांदा कायतरी शहाणपनाचं झालं."

मला ते झोंबलं. जोहराबाईंना नाही. त्यांनी विचारलं, "तू बघितलंस?"

"बगितलं म्हंजे, फोटू काढला. काल चार वाजता. म्हटलं सरपंचबाईंना पाठवावा, हिरवळ कशी जोरात चाललीया ते."

त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत आमची हिरवळ धुमसत होती. ज्वाळा नव्हत्या, नुसता पांढरा धूर, रस्त्यावरून डोंगराकडं चाललेला. आग डोंगराकडच्या कडेला होती आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं इंचाइंचानं रस्त्याकडं सरकत होती. रस्त्यावर स्वारगेट-वेल्हे एसटी. दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, माणसांच्या देखत. आम्ही चौघं तेव्हा भोरला एका शिंप्यासमोर हात वर करून उभे होतो.

"म्हणजे सगळ्या गावानं बघितलं!" मी ओरडलो. "आणि एकानंही विझवली नाही? एवढा आपला द्वेष करतं हे गाव?"

जोहराबाई फोटो मोठा करून काहीतरी मोजत होत्या.

"सेक्रेटरी, अण्णा पॅसेंजरांबद्दल नेहमी काय म्हणतात?"

"रस्त्यात मेलेला उंदीर असला तरी अख्खी गाडी माना बाहेर काढते."

"ह्या गाडीच्या आठ खिडक्या दिसतायत. सगळ्या उघड्या. किती माना बाहेर आहेत?"

मी मोजल्या. एकही नव्हती. एक बाई खिडकीशी टेकून झोपली होती, तिच्यापासून वीस पावलांवर आमची संस्कृती जळत होती.

"चला," जोहराबाई म्हणाल्या. त्यांनी मोबाईल परत दिला. "मला कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं."

५

अण्णा रोलरवरच बसले होते. आठ तास. मन्सूरभाईंनी आणलेला चहा शेजारी गार होऊन त्यावर साय धरली होती.

जोहराबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात तक्रारीचा कागद होता. वाटेत टपरीवर बसून त्यांनी तो लिहून काढला होता. नावाची जागा रिकामी ठेवली होती. सव्वीस वर्षांची सवय.

"एवढी मोठी आग बघून गाव धावलं नाही, गाडीतल्या माणसांनी मान वळवली नाही," त्या म्हणाल्या. "माणूस केव्हा बघत नाही? रोजचं असतं तेव्हा. वैशाखात ह्या खोऱ्यात अशी आग कुठं कुठं लागते? भाताच्या रोपाच्या वाफ्यात. खाली शेण, वर पाला, त्यावर गवत, वरून चाळलेली माती. कडेनं जमीन खरवडायची, पाणी मारायचं, म्हणजे आग बाहेर जात नाही. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवायचं, म्हणजे ती पळत नाही, रवंथ करत जाते. तण मरतं, जमीन भाजून मऊ होते, पहिल्या पावसाला रोप तरारून येतं. ह्याला राब भाजणं म्हणतात. आपल्या हिरवळीचा कुणीतरी राब भाजलाय."

"पन का?" मन्सूरभाईंनी विचारलं.

"हिरवी व्हावी म्हणून."

दूर खाचरात कुणीतरी ढेकळं फोडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आज सकाळी इथं पाच माणसं होती," जोहराबाई पुढं म्हणाल्या. "राख बघून तिघांनी आपापल्या परीनं 'हे कुणी केलं' असं विचारलं. मी चष्मा पुसला, पण माझ्याही मनात तेच. दोघांनी विचारलं नाही. एक बनाबाई. तिला राख दिसलीच नाही, तिला आपले कपडे दिसले. कोण गेलं, म्हणाली. स्वतः केलेल्या कामाबद्दल कोण कशाला विचारेल? वाडीतल्या बायका बोलावून तिनं दिवसभरात हे उरकलं. गोरखनं शेण आणि पाला टेम्पोतून आणून दिला, फुकट, आणि म्हाताऱ्यांना मदत केली हे कळू नये म्हणून सकाळपासून टेम्पो धुतोय. कमानी तिनंच घासल्या. तिला वाटलं, भांडी आहेत, घासूनच ठेवावीत."

"आणि दुसरं कोण?" मी विचारलं. विचारताच मला कळलं.

अण्णा राखेकडं बघतच म्हणाले, "सातलाच कळलं मला. बत्तीस वर्स ह्या रस्त्यानं तिकटं फाडली. राब न्हाई वळखायचा मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून?" अण्णा म्हणाले. "म्याच सांगितलं व्हतं तिला. गेल्या पंधरवड्यात. म्हटलं, बनाबाई, तुज्या हाताला यश हाय, काय वाट्टेल ते कर पन ह्ये एकदा हिरवं कर. ती म्हनली, करते. तिनं केलं. मिरगाचा पाऊस पडला की हितं आसं हिरवं येनार हाय की बगत ऱ्हावं."

"पन कमिटी तर आज!" मन्सूरभाई म्हणाले. "आजची तारीख तिला ठावी न्हवती?"

पत्र्याच्या खोलीवर आमचा सूचनाफलक होता. 'दि. २० मे, दु. ४ वा., पाहणी. सर्वांनी शुभ्र पोशाखात यावे.' बनाबाई रोज सकाळी त्या फलकाखालीच पाइप जोडायची. तिला वाचता येत नव्हतं. आम्ही चौघांनी ती सूचना एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या. सर्वांनी म्हणजे सभासदांनी. बनाबाई सभासद नव्हती. ती फक्त हिरवळ वाढवत होती.

"सव्वीस वर्षं मी लोकांना कागद वाचून दाखवले," जोहराबाई म्हणाल्या. "चार ओळींची नोटीस वाचून दाखवायची राहिली." आणि त्या अण्णांच्या शेजारी रोलरवर बसल्या.

पावणेचार झाले. तक्रारीतली रिकामी जागा रिकामीच होती.

मन्सूरभाई हळूच म्हणाले, "नाव तर हाय आता. नुस्तं कागदावर. आपन पोलिसांना सांगू, बाईला काय करू नका. पावसाळ्यापुरतं. तवर हिरवळ येईल, कमिटी येईल, जागा..." ते थांबले. मी त्यांच्याकडं रागानं बघितलं नाही, कारण मीही मनात तेच वाक्य जुळवत होतो आणि माझं त्यांच्यापेक्षा जास्त पूर्ण झालं होतं.

अण्णांनी हात पुढं केला. "कागद द्या हिकडं. पेन बी."

६

बरोबर चारला सुलक्षणाताई आणि कमिटीचे दोघे आले. मागोमाग अमृत, हातात टेप. पार्किंगची लांबी मोजायला.

अण्णा रोलरवरून उठले. उठायला वेळ लागला. एका हातात पँट, दुसऱ्या हातात कागद.

"नाव लिवलंय," ते म्हणाले.

सुलक्षणाताईंनी वाचलं. "चिमाजी बाबूराव... अण्णा, ह्ये तुमचंच नाव हाय."

"व्हय. म्याच जाळलं. पिवळं पडलं व्हतं, डोकं फिरलं."

"तुमी काल भोरला व्हता ना कपडे शिवायला?"

"जायच्या आधी पेटवलं."

सुलक्षणाताईंच्या घरचा सहा एकर भात आहे. त्यांनी राखेकडं बघितलं, खरवडलेल्या कडेकडं बघितलं, टाकीवरच्या सहा घासलेल्या कमानींकडं बघितलं. मग खाचराकडं, जिथं बनाबाईचं पाठमोरं लुगडं दिसत होतं. त्यांना सगळं कळायला आमच्या आठ तासांच्या तपासाइतका वेळ लागला नाही. साधारण अर्धा मिनिट.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "राग आलेला मानूस आधी कमानी उपटून, धुऊन, ओळीनं लावून मग पेटवतो व्हय?"

"मी कंडक्टर हाय," अण्णा म्हणाले. "मला रांग लागती."

"मालकानंच मालाला काडी लावली, तर मुदत देता येत न्हाई. म्हाइती हाय ना?"

"म्हाइती हाय."

"दुसरं कुनाचं नाव असंल, तर अजून सांगा. म्या कागद बदलून घेते."

तोरण्यावर ऊन उतरायला लागलं होतं. अण्णा उभे होते. त्यांना जे हवं होतं ते आयुष्यभर मिळायचं होतं आणि त्यासाठी फक्त एक नाव सांगायचं होतं.

"दुसरं कुनी न्हाई," ते म्हणाले.

सुलक्षणाताईंनी सही केली. एक ऑगस्टपासून प्लॉट अमृतचा. अमृतला विजयाचा आनंद झालेला दिसला नाही. त्यानं टेप न उघडताच खिशात टाकला आणि "येतो अण्णा" म्हणून तो खाली मान घालून गेला. त्याच्या आईनंही राबच भाजले होते.

कमिटी गेल्यावर अण्णांनी पेटीतून हातोडा काढला. निळा चेंडू राखेत ठेवला, पाय फाकवले आणि मारला. चेंडू दोन हात गेला, फुफाट्यात रुतला आणि काळा झाला. मन्सूरभाईंनी तो उचलून नव्या पँटीला पुसला. मग आम्ही हातोडे पेटीत भरले. मी फलकावरची सूचना पुसली. जोहराबाईंनी तक्रारीतून उरलेला कोरा कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. कागद वाया घालवायची त्यांना सवय नाही.

"तिला कुनी काय बोलायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "शपथ हाय."

तेवढ्यात ती बांधावरून आलीच. पाय मातीनं भरलेले, पाटी रिकामी. राखेत वाकून तिनं मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि आमच्याकडं बघून पहिल्यांदाच मोकळी हसली.

"बगा अण्णा, कशी भाजलीया. एक ढेकूळ कच्चं न्हाई. काल तुमी कुनीच न्हवता, म्हटलं आल्यावर खूश व्हतील. सकाळी कोन गेलं ते तुमी सांगितलंच न्हाई. लांबचं हाय का?"

"लांबचंच," अण्णा म्हणाले.

"व्हय? जाऊ द्या, मानूस जातंच. पाऊस पडू द्या निस्ता, तुमचं गवत हितं गुडघ्याएवढं करून दावते."

क्रोकेला गवत नखाएवढं लागतं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

अण्णा रोलरवर बसले. बनाबाईनं पदराला हात पुसले, जरा घुटमळली, आणि मग खालच्या कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाली,

"अण्णा, आता भाजलंच हाय, तर त्या कोपऱ्यात माझं दोन पायली इंद्रायणीचं बी टाकू का?"